मॅडम, तुम्ही कुठल्या?

मनाचं दुखणं घेऊन एखादी बाई समुपदेशकाकडे जाते, तेव्हा समोर बसलेली बाईही काही कोरी पाटी नसते. तिलाही भाषा असते, आडनाव असतं, माहेर-सासर असतं, देव-देव्हारा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत या गोष्टी औषधाइतक्याच महत्त्वाच्या कशा ठरतात, त्याविषयी...

आपल्याकडे अनोळखी बाई भेटली की आपण काय विचारतो? आधी नाव. मग आडनाव. मग, "माहेर कुठलं तुमचं?" एवढ्या तीन प्रश्नांत समोरचीची जात, घरची परिस्थिती, तिचं-आपलं काही नातं निघतं का, सगळ्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईशी आपण असंच बोलतो, दवाखान्याच्या बाकावरही असंच बोलतो. मग समुपदेशकाच्या खोलीत गेल्यावर ही सवय कुठे जाणार? तिथेही पाच-दहा मिनिटांत प्रश्न येतोच, "मॅडम, तुम्ही कुठल्या?"

समुपदेशनाच्या अभ्यासात शिकवतात की, स्वतःविषयी फार बोलू नका, बोलणं समोरच्याकडे वळवा. शहरात हे चालून जातं. पण ब्रह्मपुरी, मूल, आरमोरी, अहेरी अशा गावांत हा प्रश्न टाळला की बाई अर्धी गप्प होते. तिला चौकशी करायची हौस नसते. तिला एवढंच ठरवायचं असतं की, हिला सांगावं की नाही? नवरा पिऊन आला की मारतो, हे सांगितलं तर ही "तुमच्या लोकांत असंच चालतं" असं तर म्हणणार नाही? सासूने अंगारा आणून लावला म्हटल्यावर ही हसणार तर नाही? आणि माझं बोलणं हिच्या जाऊबाईमार्फत माझ्या सासरी तर पोचणार नाही?

म्हणजे समुपदेशक बाई एक शब्द बोलण्याआधी तिची ओळख बोललेली असते. तिचं आडनाव, तिची साडी की सलवार-कमीज, तिचं पुण्या-मुंबईचं शुद्ध मराठी, तिच्या कपाळावरची टिकली किंवा नसलेली टिकली, सगळं समोरची वाचत असते. ही ओळख बाहेर चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. मग तिचं करायचं काय, हा या लेखाचा विषय.

एका जिल्ह्यात किती भाषा!

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नकाशात रेघ पडली, पण जंगल एकच राहिलं आणि माणसंही. वैनगंगेच्या काठाने झाडीबोली. भामरागड-एटापल्लीकडे माडिया. ठिकठिकाणी गोंडी. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी कानावर पडते. सिरोंच्यात तेलुगू. चामोर्शी-मुलचेऱ्याच्या भागात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती, तिथे बंगाली. इकडे चंद्रपूर जिल्ह्यात जिवती-कोरपन्यात कोलाम, आणि बल्लारपूर-घुग्गुसच्या खाणी-कारखान्यांमुळे देशभरातून आलेली माणसं. २०११च्या जनगणनेत गडचिरोलीची सुमारे ३९ टक्के लोकसंख्या आदिवासी होती.

आता विचार करा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध देणारे डॉक्टर. समुपदेशक म्हणजे बोलून, ऐकून मदत करणारी व्यक्ती. इंजेक्शन द्यायला भाषा लागत नाही असं एक वेळ म्हणता येईल, पण समुपदेशकाचं तर सगळं हत्यारच भाषा! आणि भाषाच वेगळी असेल तर?

मग दुभाषा शोधला जातो. तो कोण असतो? बहुतेक वेळा सोबत आलेला मुलगा, सून किंवा शाळेत जाणारी नात. आता आई आपल्या मुलासमोर त्याच्या बापाबद्दल काय सांगेल? सासू सुनेच्या तोंडून "मला घरात कोणी विचारत नाही" हे कसं सांगेल? ती म्हणते, "डोकं दुखते." दुभाषा म्हणतो, "डोकं दुखते म्हणते." कागदावर डोकेदुखी लिहिली जाते, गोळी दिली जाते, आणि बाई पुढच्या महिन्यात पुन्हा तेच डोकं घेऊन येते.

देशातल्या १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात दिसलं की डिप्रेशन असलेल्या दर १०० माणसांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. याचं कारण म्हणून डॉक्टरांची कमतरता नेहमी सांगितली जाते, आणि ती आहेच. पण डॉक्टर भेटूनही बोलणं पोचलं नाही, तर त्या बाईला काय भेटलं?

"जीव घाबरते, मॅडम"

'नैराश्य', 'चिंताविकार' हे शब्द वर्तमानपत्रातले. आपल्याकडची बाई असं बोलत नाही. ती म्हणते, "जीव घाबरते." "हातापायात ताकदच नाही." "छातीत धडधडते, झोप येत नाही." "अंगावरून पांढरं जाते." दुखणं मनाचं, पण वाट शरीराची. शरीराचं दुखणं सांगितलं तर घरचे दवाखान्यात तरी नेतात. मनाचं सांगितलं तर म्हणतात, "तुले काम नाही काय दुसरं?"

ऐकणारी व्यक्ती इथे दोन प्रकारे चुकू शकते, आणि दोन्हींची उदाहरणं आपल्याजवळच आहेत.

डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. डॉ. अभय बंग आणि त्यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी बायकांच्या आरोग्याचा कार्यक्रम म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच समजलं जाई. बायका अंगावरून जाण्याच्या, कंबरदुखीच्या तक्रारी करत. 'यांचं नेहमीचंच रडगाणं' म्हणून ते सोडून दिलं जाई. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी झाली आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अहवाल छापून आला. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम आठ टक्के! म्हणजे ज्याला रडगाणं म्हटलं जात होतं, तो खराखुरा आजार होता. राणीताईंच्या एका पुस्तकाचं नावच 'कानोसा' आहे. भिंतीपलीकडचं ऐकायला आपण कानोसा घेतो ना, तसाच.

आता दुसरी बाजू. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी पांढरं जाण्याच्या तक्रारीचाच अभ्यास केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. तिथे दिसलं की ही तक्रार करणाऱ्या बऱ्याच बायकांच्या दुखण्याचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या परिस्थितीशी अधिक होता. तिथे नुसती गोळी दिली असती तर आतलं दुखणं तसंच राहिलं असतं.

मग खरं कुठलं? दोन्ही. म्हणून तर ऐकणारीने आधीच मनात काही ठरवून बसू नये. "खेड्यातल्या बायका फार कुरकुर करतात" हा एक पूर्वग्रह. "आदिवासी बाई बिनधास्त, तिला कसलं टेन्शन?" हा दुसरा. दोन्ही पूर्वग्रह ऐकणारीच्या घरातून, तिच्या शाळेतून, तिच्या जातीतून तिच्यासोबत खोलीत आलेले असतात. ते तिला स्वतःला दिसत नाहीत, समोरचीला मात्र लगेच जाणवतात.

पांढऱ्या कपड्यांची भीती

'सर्च'चीच आणखी एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. आदिवासी माणसं दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनाच विचारलं गेलं. उत्तरं काय आली? मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. पेशंटला आत ठेवतात आणि नातलगांना बाहेर काढतात. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात, मग पांढरे कपडे घातलेला माणूस जीव कसा वाचवेल?

ऐकून आपल्याला हसू येईल. पण शोधग्राममध्ये दवाखाना बांधताना हे मनावर घेतलं गेलं. गावासारख्या झोपड्या बांधल्या, नातलगांना सोबत राहायची सोय केली आणि लोकांच्या देवीचं नाव दवाखान्याला दिलं, माँ दंतेश्वरी. तिकडे भामरागड तालुक्यात हेमलकशाला १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली.

ही माणसं काही आदिवासी झाली नाहीत. होताही येत नाही. आपण बाहेरचे आहोत हे त्यांनी मान्य केलं, आणि मग आपल्यातलं काय बदलता येईल ते बदललं. समुपदेशकालाही हेच लागू आहे. आडनाव बदलता येणार नाही. पण खुर्ची-टेबल बाजूला सारून चटईवर बसता येईल. दहा-वीस शब्द शिकता येतील. खोलीत कुठला फोटो लावायचा याचा विचार करता येईल.

फोटोचं काय विशेष, असं वाटेल. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाची आठवण अजून घराघरांत आहे. एखाद्या बौद्ध मुलीला समुपदेशकाच्या टेबलावर फक्त देवदेवतांच्या तसबिरी दिसल्या, आणि तिला सांगायचं असेल की कॉलेजमध्ये मैत्रिणी माझ्या डब्याला हात लावत नाहीत, तर ती सांगेल का? कदाचित सांगेल, कदाचित "अभ्यासात लक्ष लागत नाही" एवढ्यावर थांबेल. उलट बाबासाहेबांची तसबीर पाहून दुसऱ्या कोणाच्या मनात दार बंद होत असेल. तसबीर लावू नये असं नाही. आपल्या खोलीतली भिंतही बोलते, एवढं ठाऊक असावं.

मोह, कुर्मा आणि वाघ

बाहेरून आलेली शिकलेली समुपदेशक कुठे अडते, त्याची तीन उदाहरणं.

पहिलं दारूचं. मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या मुलीला दारू म्हणजे वाईटच. इथे मोहाची दारू जन्म, लग्न, मरण, देवपूजा सगळ्यांत असते. म्हणून कोणी म्हणेल, "त्यांची संस्कृतीच आहे, आपण बोलू नये." पण थांबा! गडचिरोलीत दारूबंदी आली ती १९९३ मध्ये, लोकांच्या आंदोलनातून, आणि त्यात बायका पुढे होत्या. चंद्रपुरात 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामींबरोबर हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, २०१५ मध्ये बंदी झाली, २०२१ मध्ये उठलीसुद्धा. म्हणजे देवाला मोहाची धार घालणारी बाई आणि नवऱ्याच्या बाटलीविरुद्ध मोर्च्यात जाणारी बाई एकच असू शकते. 'त्यांची संस्कृती' म्हणताना त्यातल्या पुरुषांचंच ऐकलं, की बायकांचंही ऐकलं, हे समुपदेशकाने स्वतःला विचारायला हवं.

दुसरं कुर्माघराचं. काही माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या किंवा घरामागच्या झोपडीत राहावं लागतं. तिथे साप-विंचू, थंडी, पाऊस. मरणंही झाली आहेत. शहरातली समुपदेशक हे ऐकून हादरते, चिडते. चिडणं चुकीचं नाही. पण काही बायका असंही सांगतात की, तेवढेच चार दिवस पाठीला आराम, तेवढंच बायका-बायकांत बोलणं होतं. समोरची बाई कुर्म्यातल्या भीतीबद्दल बोलायला आली आहे की धाकट्या बहिणीच्या लग्नाबद्दल, हे ऐकायच्या आधीच समुपदेशक कुर्म्यावर भाषण द्यायला लागली तर? बाईला वाटतं, ही माझ्याशी नाही, माझ्या जातीशी बोलून राहिली आहे. आणि आपल्यापैकी किती जणींच्या घरी 'चार दिवस बाजूला बसणं' कालपरवापर्यंत होतं, हेही आठवून पाहावं. म्हणजे मग दुसरीची झोपडी तेवढी मागासलेली वाटणार नाही.

तिसरं वाघाचं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा गावातली एखादी बाई म्हणते, "जंगलात पाय टाकला की काळीज थरथरते." आता मानसोपचारात एक चांगली पद्धत आहे, विवेकनिष्ठ उपचारपद्धती. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांची. कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लिखाणामुळे ती मराठी वाचकांच्या ओळखीची झाली. मनातला अविवेकी विचार शोधायचा, त्याला प्रश्न विचारायचा, त्याच्या जागी विवेकी विचार आणायचा. परीक्षेची भीती, चारचौघांत बोलण्याची भीती यावर ती छान लागू पडते. पण वाघाची भीती अविवेकी आहे का? वाघ तर खरा आहे! "काही दिवस जंगलात जाऊ नका" हा सल्लाही उपयोगाचा नाही. तेंदूचा हंगाम मे महिन्यातल्या मोजक्या दिवसांचा, त्याच पैशांतून जूनमध्ये बियाणं आणि मुलांची वह्या-पुस्तकं यायची असतात. तिच्या भीतीला 'आजार' न म्हणता, रोज त्या जंगलात जाताना ती भीती कशी सांभाळायची, सोबत कोण असेल, रात्री झोप कशी येईल, यावर बोलावं लागतं. ज्या समुपदेशकाने तेंदूपत्त्याचा पुडा बांधताना कधी पाहिला नाही, तिला आधी हे विचारून घ्यावं लागतं. विचारण्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट आणखी. गडचिरोलीच्या आतल्या भागात चार दशकं नक्षलवादी आणि पोलीस यांच्यामध्ये गावं सापडली होती. 'खबऱ्या' ठरवून माणसं मारली गेली. अशा गावात वही-पेन घेऊन बसलेली, नाव-गाव लिहून घेणारी पाहुणी म्हणजे काय, याचा अर्थ तिथली बाई तिच्या अनुभवातून लावते. ती गप्प राहिली तर 'प्रतिसाद देत नाही' असं लिहायच्या आधी वही मिटून पाहावी.

आपली माणसं, आपलेच प्रश्न

मग उपाय सोपा वाटतो. त्याच गावची, त्याच समाजाची समुपदेशक नेमा, झालं! बरंचसं खरं आहे ते. भाषा येते, चालीरीती सांगाव्या लागत नाहीत, देव कुठला आणि सोयरीक कुठे होते हेही ठाऊक असतं. पण आपल्या माणसाचेही प्रश्न असतात.

पहिला प्रश्न गुप्ततेचा. छोट्या गावात कोण कोणाच्या दारात गेलं हे संध्याकाळपर्यंत चौकात पोचतं. समुपदेशक आपल्याच नात्यातली निघाली, तर "हिच्या भावाला आपली मुलगी द्यायची आहे" हा विचार बाईची जीभ धरतो. म्हणूनच काही बायका मुद्दाम लांबच्या, परक्या जातीच्या, परक्या गावच्या बाईला जाऊन सांगतात. परकेपणाचाही फायदा असतो, हे विसरू नये.

दुसरा प्रश्न जखमेचा. समोरची जे सांगते आहे ते ऐकणारीच्या घरातही घडलेलं असेल तर? नवऱ्याच्या दारूने पोळलेली बाई दुसरीचं तेच ऐकताना कधी "मी सहन केलं, तूही कर" म्हणेल, कधी "ताबडतोब सोड त्याला" म्हणेल. दोन्ही वेळा ती स्वतःशीच बोलत असते. पण हीच जखम शिकून-सावरून वापरली तर केवढी ताकद होते! पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे पुढे समुपदेशक म्हणून काम करतात. "मी पण यातूनच गेलो" हे त्यांचं वाक्य पुस्तकी डॉक्टरला म्हणता येत नाही. पुण्याच्याच बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी आपल्या आईला मनोरुग्णालयांत कोंडलेलं लहानपणी पाहिलं होतं. २०२४ मध्ये त्या गेल्या, तोवर मनोरुग्णांना कोंडून ठेवू नये, वस्तीतच आधार द्यावा, यासाठी त्या काम करत राहिल्या. आपलं दुःख आपल्याला ठाऊक असलं आणि त्यावर कोणा जाणत्याशी बोलायची सोय असली, की ते उपयोगी पडतं. म्हणून समुपदेशकालाही स्वतःचा समुपदेशक लागतो.

तिसरा प्रश्न मानाचा. वंचित समाजातून शिकून वर आलेल्या मुलीला पेशातले लोक बरोबरीचं मानतात का? डॉ. पायल तडवी या जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातल्या तरुण डॉक्टर. मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मे २०१९ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. जातीवरून छळ झाला असा आरोप कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. दुसऱ्यांचं दुखणं ऐकायला बसणाऱ्या मुलीचं दुखणं कोण ऐकतं, हा प्रश्न त्या घटनेने सगळ्यांपुढे ठेवला.

संस्कृतीचा मान, पण कुठवर?

आपल्याकडे मन बिघडलं की पहिली पायरी दवाखान्याची नसते, पुजाऱ्याची, देवीची, दर्ग्याची असते. त्याला हसून बाई दवाखान्यात येत नाही, उलट लपवायला शिकते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून 'दवा आणि दुआ' असा कार्यक्रम चालला. दर्ग्यातले मुजावरच मनोरुग्णांना ओळखून तिथल्याच दवाखान्यात पाठवू लागले. म्हणजे श्रद्धेचा हात न सोडताही औषध घेता येतं.

पण याला एक सीमा आहे, आणि ती आपल्याच दोन जिल्ह्यांनी रक्ताने दाखवली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात करणी केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना, त्यात म्हाताऱ्या बायकाही, भरचौकात खांबांना बांधून मारलं. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जिवंत जाळलं. इथे 'त्यांची श्रद्धा' म्हणून गप्प बसणारी समुपदेशक त्या बाईच्या जिवाशी खेळते. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलीस आहेत, ते वापरायचे. एखादी बाई "गावात मला टोणी म्हणायला लागलेत" असं सांगते, तेव्हा तो भ्रम आहे की खरा धोका, हे ओळखायलासुद्धा गाव माहीत असावं लागतं!

उलट बाजूने, बाई रूढीप्रमाणे वागत नाही म्हणजे ती वेडी, असं म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की, समाजातली नीतिमूल्यं, संस्कृती किंवा धार्मिक समजुती एखादी व्यक्ती मानत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. दुसऱ्या जातीत लग्न करायचं म्हणणारी मुलगी, नवरा वारल्यावर कुंकू पुसायला नकार देणारी बाई, लग्नच नको म्हणणारी, या कोणालाही "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून डॉक्टरकडे ओढत नेणाऱ्या घरच्यांनी हे वाचावं.

गोईण हवी

झाडीपट्टीत मैत्रिणीला 'गोईण' म्हणतात. गडचिरोलीतल्या बायका आणि झाडं यांच्या नात्यावर राणी बंग यांनी लिहिलेल्या पुस्तकाचं नावही तेच. मनाच्या दुखण्यावरचा निम्मा उपाय या एका शब्दात आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आफ्रिकेत झिम्बाब्वे नावाचा देश आहे. तिथल्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मध्ये वस्तीतल्या आज्ज्यांना थोडं प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. सुरुवातीला त्याचं नाव होतं 'मानसिक आरोग्याचा बाक'. कोणी बसेना! आज्ज्यांनीच सुचवलं, 'मैत्रीचा बाक' म्हणा. मग माणसं येऊ लागली. 'डिप्रेशन' हा शब्द त्या वापरतच नाहीत. त्यांच्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणजे 'फार विचार करणं', हा शब्द वापरतात. आपल्याकडे "डोक्यात विचार येऊन राहिले" म्हणतात, तसंच की नाही? २०१६ साली या कामाची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली, आणि बाकावर बसून बोललेल्यांचा त्रास खरोखर कमी झाल्याचं दिसलं.

आपल्या विदर्भातही असा प्रयोग झाला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलायला सुरुवात केली. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गडचिरोलीने तर हे फार आधी दुसऱ्या कामात दाखवून दिलं होतं. 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि त्यांनी घरोघरी जाऊन बाळं वाचवली. १९९९ मध्ये त्याचा अहवाल जगभर गाजला. कमी शिकलेली बाई नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखू शकते, तर शेजारणीची हरवलेली झोप का नाही ओळखणार? फक्त तिला शिकवायला हवं, तिच्या पाठीशी तज्ज्ञ हवा, आणि तिच्या कामाचे पैसे तिला मिळायला हवेत.

मैत्रिणींनो, तोवर आपण काय करायचं?

समुपदेशकाकडे गेलात तर संकोच न करता विचारा, "मी सांगितलेलं बाहेर जाणार नाही ना?" तुमची भाषा तिला येत नसेल तर घरचा दुभाषा नको, दवाखान्यातली एखादी बाई द्या, असं म्हणा. ती तुमच्या जातीवरून, देवावरून काही बोलली आणि मनाला लागलं, तर तिला तसं सांगा. नाहीच पटलं तर दुसरीकडे जा. सल्ला ऐकून मन आणखी जड झालं, तर दोष दर वेळी तुमचाच नसतो. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर त्या क्षणी कोणाला तरी सांगा, एकट्या राहू नका.

आणि एक घरातली गोष्ट. २०११ पासून या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ आहे. गावोगावच्या मुली आता बी.ए., एम.एस.डब्ल्यू. करतात. त्यांच्यातली एखादी म्हणाली की मला मानसशास्त्र घ्यायचं आहे, तर "त्यात काय नोकरी लागते?" असं म्हणून तिला गप्प करू नका. तिला माडिया येते, झाडीबोली येते, मोह वेचायला कोणत्या वेळी निघावं लागतं हे तिला ठाऊक आहे. उद्या कोणी बाई तिच्यासमोर बसून विचारेल, "मॅडम, तुम्ही कुठल्या?" तेव्हा ती सांगेल, "इथलीच, बाई. बोला."